वडिलांचा व्यवसाय

पहिल्या वहीची पाठ मोडली आहे.
तान्ह्याची मान धरावी तशी धरून
मी ती खोक्यात ठेवते. खोकी नऊ.
जुलैत शाळा बंद. सप्टेंबरात
खालच्या शहरातल्या मोठ्या शाळेत विलीन होणार,
पत्रात नदी, समुद्र वगैरे लिहिलंय.
नदी कोण, ते नाही लिहिलेलं.

तिसरा रकाना: वडिलांचा व्यवसाय.
गोदी. गोदी. गोदी. मयत. गोदी.
सगळे आयर्लंडहून बोटीनं आलेले.
तेव्हा पोर्थगॅरनमध्ये शाळा म्हणजे पत्र्याची शेड,
वरच्या आळीतले चॅपलवाले तिला
पोपचा गोठा म्हणत.

मग हे पान. पिएरीनो बासीनी, वय बारा.
आइस्क्रीमचं दुकान, असं वळणदार अक्षर,
त्यावर जून चाळीसची आडवी रेघ.
पुढे दुकान नाही, मयत नाही,
कुठली बोट, कुठलं बेट, काही नाही.
रेघ पट्टीनं मारली आहे.
पट्टी आणायला कुणीतरी उठलं असेल,
कपाटापर्यंत चालत गेलं असेल.
मी त्या चालण्याचा विचार करते.

सिस्टर फिन्टन रसायन शिकवायची आणि लॅटिन,
दोन्ही एकाच डस्टरनं.
पन्नाशीत तिला वेल्श शिकायची हुक्की आली,
बॉयलरच्या खोलीत, शिपाई इद्वाल प्रोसरकडे,
कोळशाच्या ढिगावर वर्तमानपत्र घालून.
इद्वाल कट्टर बॅप्टिस्ट. एकतीस वर्षं दार उघडलं,
प्रार्थनेला एकदाही आत आला नाही.
पण जिन्यातल्या मारियामातेच्या नाकाचा टवका
दर उन्हाळ्यात तोच रंगवायचा.
मूर्ती मी मानत नाही, म्हणायचा,
उडालेला रंग बघवत नाही.
रंग दरवेळी चुकायचा.
सर्दी झाल्यासारखी दिसते ती, अजून.

मी इथलीच. वही सहा, पान चौदा:
नोरीन टॉबिन. पोलाद कारखाना.
माझ्या ओळीखाली तोच रकाना
बेकार, बेकार, आणि मग
लिहिणाऱ्याचा हात दुखला असावा,
वरीलप्रमाणे, वरीलप्रमाणे,
पान संपेपर्यंत.

शेवटची वही वही नाही, पडदा आहे.
तिथे हा रकानाच नाही.
जेस्लिन कुरियाकोस दारात उभी,
आई इस्पितळात रात्रपाळीला, केरळची.
मिस, माझं नाव कुठे लिहिलंय? दाखवा ना.
पडद्यावर दाखवते. ती बोट लावते, बोट घसरतं.
मग मी वही सहा उघडते,
शेवटची ओळ कोरी आहे. पेन देते.
वडिलांचा व्यवसाय? ती थबकते.
लिही, जो असेल तो.
ती जीभ बाहेर काढून लिहिते:
घरी असतात. मासे छान करतात.

खाली प्रोसरच्या नातवाची व्हॅन.
मागे जागा उरली नाही, खोकी, बाकं, घंटा.
मारियामातेला त्यानं पुढच्या सीटवर बसवलंय,
पट्टा लावून.
काच खाली करून विचारतो,
हिचं नाक असंच राहू द्यायचं ना?