चिंचोके

रात्री उठलो की एक चिंचोका
उशाजवळच्या वाटीत टाकतो.
सकाळी केवळबाई मोजते :
पाच. काल चार होते.
काही बोलत नाही. वाटी धुऊन पालथी घालते,
जणू पाहुणा ताक पिऊन गेलाय.

अंबाजोगाईत आमच्याकडे नळ येतो आठव्या दिवशी,
तोही करंगळीएवढा.
गल्ली जागी असते पाण्याची वाट बघत
आणि मी मोरीच्या भिंतीला हात टेकून.
थेंब. मग काही नाही. मग थेंब.
बाहेर टँकरवाला हॉर्न देतो.
हसू येतं, पण हसलं तर आहे तेही थांबतं.

एकतीस वर्षं पॅथॉलॉजीत काढली.
मेणाच्या वड्या, मायक्रोटोमचं पातं,
कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप
कोमट पाण्यावर सोडायचे, काचेवर झेलायचे,
आधी निळा रंग, मग गुलाबी.
चिठ्ठीवर नंबर, वय, गाव :
अडुसष्ट, केज. एकाहत्तर, धारूर.
पुस्तकात प्रोस्टेट अक्रोडाएवढी.
अक्रोड कुणी बघितलेत इकडं?
आम्ही सुपारी म्हणायचो, वाढली की लिंबू,
फारच वाढली तर मोसंबी.

आणि कितीतरी कापांत, गुलाबी रंगात
निळ्या ठिपक्यांची दाटी, तीळ सांडावेत तशी.
जुनी सूज, साहेब म्हणायचे,
आणि पुढची काच मागायचे.
एकदा विचारलं, जखम नाही, जंतू नाही,
मग ह्या पेशी कुणावर चालून आल्यात?
साहेब म्हणाले, गायसमुद्रे, चहा सांग.

आता माझी बोटं सकाळी उघडत नाहीत.
आमवात. नऊ वाजेपर्यंत हात म्हणजे वाळलेली भेंडी.
दिवसाचं निभतं. रात्री नाडीची गाठ सुटत नाही
आणि आत घाई.
एकदा तसंच झालं, उंबऱ्यातच.
केवळबाईनं दिवा लावला नाही.
दुसऱ्या दिवशी सगळ्या पायजम्यांना इलॅस्टिक.

लातूरच्या डॉक्टर निलोफर काझी सांध्यांच्या.
माझी बोटं दाबता दाबता म्हणाल्या,
काका, रात्री लघवीला किती वेळा?
मी म्हणलं, पाच. पण ते तुमच्याकडं कशाला?
त्यांनी चिठ्ठीच्या पाठीवर एक सांधा काढला,
खाली एक ग्रंथी, मधे तुटक रेघ.
आपलंच शरीर आपल्याला परकं समजतं, काका.
जी सूज इथं, तसलीच तिथंही सापडते.
तुटक का, विचारलं.
अजून पक्कं नाही. अशा वातवाल्यांत ते जास्त दिसतं,
एवढंच म्हणता येतं.

परतीच्या एसटीत, रेणापूरच्या पुढं,
ते सगळे तीळ डोळ्यांपुढं आले.
केजच्या त्या अडुसष्टाची बोटं वाकडी होती का?
चिठ्ठीत बोटांचा रकाना नव्हता.
आमच्याकडं माणूस तुकड्यानं यायचा,
हात वर वॉर्डात राहायचे.

इंजेक्शन फ्रिजमध्ये, लोणच्याच्या बरणीशेजारी.
पंधरा दिवसाला एक.
तिसऱ्या महिन्यात मूठ अर्धी मिटली.
वाटीत तीन. तीन. मधेच चार. मग दोन.

सुईनंच झालं का? केवळबाई.
एका माणसावरनं काही कळत नसतंय, मी.
लॅबची सवय.
ती म्हणाली, मी एकाच माणसासंगं संसार केलाय,
मला कळतंय तेवढ्यावरनं.

काल तिनं उरलेले चिंचोके तव्यावर भाजले.
एक माझ्या तळहातावर ठेवला, गरम.
नखानं साल काढली मी. निम्मी निघाली.
उरलेली तिनं दातानं काढली.

रात्री उठलो.
वाटीत टाकायला काही नव्हतं.