बत्तीस घरं

दिवाडीच्या पतसंस्थेतून कायतानचा फोन:
बाय, तुझा प्रोग्राम मेला.
नाव टाईप केलं, एंटर मारला, खिडकीच नाहीशी.
कुणाचं नाव?
त्यानं श्वास घेऊन वाचलं,
मारिया एस्पेरान्सा पिएदादे दो रोझारियो ई मेंडोन्सा.

रोमन लिपीत पंचेचाळीस अक्षरं, मधल्या फटी धरून.
बोटांवर मोजली, मग कागदावर.
मी दिली होती बत्तीस घरं,
अकरा वर्षांपूर्वी, फोंड्याच्या स्टँडमागच्या खोलीत,
गावडे, वेरेंकर अशी माणसं डोळ्यांपुढे ठेवून.
ऐसपैस वाटली होती तेव्हा.

सी भाषा पंगतीतल्या आंधळ्या वाढप्यासारखी,
वाढ म्हटलं की वाढते, पान भरलं का ते बघत नाही.
रोझारियोच्या दुसऱ्या आरपर्यंत मावलं,
उरलेलं नाव शेजारी सांडलं.
शेजारी होती परतीची चिठ्ठी,
काम झालं की कुठं परतायचं तो पत्ता.
तिच्यावर आता एक फट, मग एम, ई, एन.
यंत्र आज्ञाधारक. त्या पत्त्यावर गेलं.
तिथं कुणी राहत नव्हतं.

मारियाबाई नुसतं खातं उघडायला आल्या होत्या,
फणसाच्या साठांचे पैसे ठेवायला.
झोप उडाली ती दुसऱ्याच विचारानं:
हे नाव भोळं होतं, म्हणून प्रोग्राम मेला.
कुणी हिशेब करून नाव रचलं,
सदतिसाव्या घरापासून नेमका आपला पत्ता लिहिला,
तर तो मरणार नाही.
चालत राहील, भलत्याच्या सांगण्यावरून,
माझ्या नावाची पाटी लावून.

मानशीवरचा रुझार बांधात काठी खुपसत
खेकड्यांची बिळं शोधत होता.
उदक विचारून येना, बाय, म्हणाला,
आणि पुढच्या बिळाकडे गेला.

पहारे बसवले.
चिठ्ठीच्या अलीकडे एक कॅनरी,
दर खेपेला नवा, गुपित आकडा;
परतण्याआधी बघायचं, जिवंत आहे ना.
(डिचोलीच्या खाणी उघड्या. तिथला प्रज्योत,
त्याला हा पक्षी समजावण्यात अर्धा तास गेला.)
दर वेळी पत्ते विस्कटून ठेवले,
चोराच्या खिशातला नकाशा कालचा ठरावा म्हणून.
माहितीच्या जागेतून हुकूम सुटायचा नाही, हेही बजावलं.

पहारे झाले. बीळ तसंच.

मग बसले
न मोजता नक्कल करणाऱ्या ओळी शोधत.
एकाहत्तर निघाल्या.
प्रज्योत म्हणाला, कापून टाक ना शेपूट, एक ओळीचं काम.
कापून पाहिलं.
मारिया एस्पेरान्सा पिएदादे दो रोझा.
अशी बाई दिवाडीत नाही.
पासबुक कुणाला देणार?

म्हणून आधी मोजायचं,
मग तेवढी जागा मागायची,
नाहीच मिळाली तर नाही म्हणायचं, मोठ्यानं,
आणि खिडकी उघडी ठेवून.
उद्या कुणी क्षितिजा आली, देवनागरीतच लिहा म्हणाली तर?
डोळ्याला ते एकच अक्षर, क्षि.
यंत्राला बारा घरं.

एकोणसत्तर ओळी झाल्या, दोन उरल्या,
त्या तिथंच बसून करू म्हणत
जुन्या गोव्याच्या धक्क्यावर आले, पेनड्राइव्ह खिशात.
फेरी भरत होती.
साखळीवाला ओठ हलवत गाड्या मोजत होता.
माझ्यापाशी आला, हात आडवा केला,
साखळी ओढली.
अहो, एकच तर स्कूटर, म्हणाले मी,
मी, बत्तीस घरं देणारी,
तो कोपरा आहे की.
त्यानं मान हलवली. बोट सुटली.
पलीकडे कायतान कुलूप हातात घेऊन उभा असणार.

कोपरा खरंच रिकामा दिसत होता.