अडीचचं माप

रावपुऱ्यातल्या आमच्या लॅबमध्ये एक कुकर आहे,
त्यात डाळ कधीच शिजली नाही.
काचा शिजतात. तीन शिट्ट्या.
मग गार होईस्तोवर मी चहा पितो,
कारण घाईनं काढल्या तर पेशींचा पापुद्रा
सुटून पाण्यावर येतो, सायीसारखा.

सव्वीस वर्षं हेच.
कोणाची तरी गाठ, मेणाच्या ठोकळ्यात बसवलेली,
केसाहून पातळ काप.
नाव मी वाचत नाही, आकडा वाचतो.
११४७चं वाचलं ते चुकून,
फॉर्म उलटा लागला होता म्हणून सरळ करताना:
प्रमिलाबेन रासने, वय एकसष्ट, मंगळबाजार.

न्यायमंदिराच्या अंगाला बसायची बांगड्या घेऊन.
आई सव्वादोन मागत होती, लग्नातलं माप.
हिनं हात नुसता दाबला, अंगठ्याचं हाड आत मुडपलं,
म्हणाली, अडीच.
"हात वाढतात हो. कोणी सांगत नाही."
आणि एकही न फोडता डझनभर चढवल्या.

नेहमीचे तीन रिसेप्टर आम्ही तपासतो.
पुस्तकात त्याला ग्राही म्हणतात,
मला तो ग्राहकाचा चुलतभाऊ वाटतो:
पेशीच्या उंबऱ्यावर उभा,
बाहेरून आलेलं घेतो, आत वर्दी देतो.
वाढ म्हटलं, वाढ. थांब म्हटलं, थांब.
कुठे कुठे उंबऱ्यावर इतके जमतात
की आत 'वाढ' सोडून काही ऐकूच जात नाही.
तपकिरी रंग चढला तर ते आहेत,
आणि असले तर त्यांना धरणारं औषध आहे.
म्हणून आमच्या धंद्यात
वाईट दिसणं कधीकधी बरं असतं.
हे घरी समजावायला मला नऊ वर्षं लागली.

११४७.
पहिला, नाही.
दुसरा, नाही.
तिसऱ्याला मी पाच मिनिटांऐवजी सात दिली. नाही.
निळ्याच निळ्या पेशी, उघड्या मनगटांच्या.

चौथी काच ऋत्वी पंड्याची.
युनिव्हर्सिटीतून येते, स्कूटीच्या डिकीत बर्फाचा डबा,
डब्यात नखाएवढी बाटली.
तिच्या रिसेप्टरला अजून धड नाव नाही,
तीन अक्षरं आणि एक आकडा.
आमच्याच ठोकळ्यांचे काप घेते, नावं झाकून.
"काका, जुओ ने," म्हणाली,
खुर्चीवरून उठली सुद्धा.

मी डोळा लावला.
प्रत्येक पेशीच्या कडेनं तपकिरी वळं.
अख्खं. कुठेच तुटलेलं नाही.
एकाला लागून एक, एकाला लागून एक,
दिवाळीच्या आदल्या दिवशीची कासारणीची पेटी.

ऋत्वीनं वहीत लिहिलं: तीन अधिक.
खाली लिहिलं: संभाव्य खूण. संभाव्य लक्ष्य.
मी विचारलं, औषध?
"उंदरांत आहे, काका."
आणि माणसांत?
तिनं बाटलीचं झाकण लावलं, पुन्हा एकदा लावलं.
"सात वर्षं. झालं तर."

रिपोर्ट न्यायला ती स्वतःच आली,
सुनेला रिक्षात बसवून.
पाकिटात तीन ओळी, तिन्हींपुढे नाही.
चौथी लिहायचा मला हक्क नाही,
बोलायचाही नाही.
तिनं पाकीट घेतलं नाही, माझा हात घेतला,
सवयीनं दाबला,
चेहऱ्याकडे न बघता म्हणाली,
"हे हाड मी चढवलेलं आहे कुठेतरी."
मी म्हटलं, आईचं.
"अडीच," ती म्हणाली.
मग पाकीट घेतलं.

ठोकळे दहा वर्षं ठेवायचे असा नियम आहे.
११४७ मी खिडकीजवळच्या खणातून काढला,
बडोद्याच्या मे महिन्यात मेण मऊ पडतं,
आणि आतल्या भिंतीच्या कपाटात ठेवला, सर्वांत मागे.
सात वर्षं म्हणाली ऋत्वी.
दहा आहेत.
ठोकळ्याला पुरतील.