तीन क्रेडिट

गुरुवारी, जेवणानंतरचा तास.
वेळापत्रकात नाव 'तंत्रज्ञान उद्योजकता',
पोरांच्या भाषेत झोपेचा तास.
खिडकीतून उद्यमबागेच्या भट्ट्यांचा वास येतो,
ओली वाळू, जळका कोळसा,
आणि मी फळ्यावर लिहितो:
आधी विचारा, मग बनवा.

हे वाक्य मला फुकट मिळालेलं नाही.
लॅबच्या कपाटावर अडतीस खोकी आहेत,
पंप आपोआप बंद करणारे कंट्रोलर.
चाळीस बनवले, दोन खपले,
त्यातला एक सासऱ्यांकडे.
खानापूर रोडला सतरा महिने शटर होतं माझं.
गावात लाइट यायची रात्री दीडला,
लोकांना हवा होता आपोआप सुरू होणारा.
मी कुणाला विचारलंच नव्हतं.

इथे पोरं हसतात. दर वर्षी.
हसू देतो.

मोनेश देसूरकर म्हणाला,
सर, मार्केट किती दाखवू, दहा हजार कोटी?
म्हटलं, सेकंड गेटला उभा राहा,
रेल्वे जाईपर्यंत सात जणांशी बोल,
मग सांग की आकडा.
दोन आठवडे फिरकला नाही.
आला तो मान खाली घालून: शून्य, सर.
त्याला पैकीच्या पैकी दिले.

अन्नपूर्णा ढवळी वडगावची,
घरात चार माग, वर्गात शब्द नाही.
तिचं यंत्र: ताण्याचा धागा तुटला
की मोबाइलवर निरोप.
सर्किट इतकं नेटकं की मलाच हेवा वाटला.
विचारलंस कुणाला?
मामांना. म्हणाले, धागा तुटला की मागाचा सूर बदलतो,
मला कळतं, मोबाइल कशाला?

वर्ग पुन्हा हसला.
ती खाली बसली नाही.

पण सर, मी दिवसभर तिथंच बसले होते, पोत्यावर.
अकरा वेळा धागा तुटला.
मामा चार वेळा उठले.

एकतीस वर्षं त्या खडखडाटात.
बसलिंगप्पा कबूल करत नाहीत.
मामीनंच चुलीपाशी, पदराआडून सांगितलं:
किवि केळंगिल्ल.

मग ती फळ्याकडे बघून म्हणाली,
सर, ते पहिलं वाक्य.
आमच्यात दोन्हीला एकच शब्द आहे.
विचार म्हणायचं तरी केळु,
ऐक म्हणायचं तरी केळु.
तुम्ही अर्धंच लिहिलंय.

हातातल्या खडूचं काय करावं कळेना,
खिशात टाकला.
घरी बायकोनं शर्ट धुताना विचारलं, हे काय?
म्हटलं, फी.

पुढच्या गुरुवारी मोबाइल गेला होता,
त्या जागी दिवा आला होता.
लाल नको म्हणाली ती,
लाल बघून शेजारचे चौकशा करतील.
पिवळा बरा. मागाच्या माथ्यावर,
लोकांना वाटावं देवाचा आहे.
एक रिले कमी पडत होता.
तिनं कपाटाकडे बघितलं, मग माझ्याकडे:
सर, एक खोकं फोडू?

पहिल्या आठवड्यात तो दोनदा उगाच पेटला,
एकदा पेटायचाच राहिला.
चौथ्या आठवड्यात मामांनी चारशे रुपये मोजले,
दहा-दहाच्या नोटा, रबर लावून.
म्हणाले, दिवा चांगलाय.
उजेडाला.

अहवालात एक रकाना असतो,
'ग्राहकाची गरज', गुण दहा.
तिला सगळं ठाऊक होतं, सगळं लिहिता आलं असतं.
तिनं एकच शब्द लिहिला:
उजेड.

परीक्षकांनी त्याला तीन गुण दिले.
मी भांडलो, सहा झाले.

सदतीस खोकी उरलीत.