पट्टी

माझ्याकडे बाईंच्या एकतीस कॅसेटी आहेत,
सगळ्या उतरत्या वयातल्या.
तरुणपणच्या तबकड्या लोकांकडे आहेत, असू देत.
साडेतीन मिनिटांत सगळं बिनचूक,
इस्त्रीच्या घडीसारखं.

मी सातपूरला पंख्यांच्या कारखान्यात.
पहिली पाळी सुटली की डेक खांद्याला लावून सायकलवर,
कधी टिळकवाडी, कधी गंगापूर रोडचा बंगला,
एकदा पिंपळगावला, द्राक्षबागायतदाराच्या गच्चीवर, कोजागिरीला.
दुधाची पातेली माईकपासून लांब ठेवा
म्हणून मी भांडलो होतो.
ते भांडण कॅसेटवर आहे.

वेष्टनावर राग लिहायचो, तारीख, आणि पट्टी.
सत्त्याऐंशी, काळी चार.
एकोणनव्वद, काळी तीन.
ब्याण्णवच्या पाडव्याला पांढरी चार.
आमच्याकडे पूर मोजतात
दुतोंड्या मारुतीच्या अंगावर,
गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीशी आलं.
मी तसंच मोजत होतो, फक्त उलटं.
पाणी उतरत होतं.
आणि ज्यांनी बघितलंय त्यांना ठाऊक,
पाणी उतरलं की बुडालेल्या पायऱ्या दिसायला लागतात.

शेवटी शेवटी बाई मारवा फार गायच्या.
नलूताई म्हणायच्या, आवडीचा राग.
मला वाटतं हिशेब होता त्यात.
मारव्यात षड्जाला उशिरा पोचलं
तरी कोणी बोल लावत नाही.

पंच्याण्णव, फेब्रुवारी, पांढरी तीन.
कन्याशाळेचा हॉल, पुढच्या रांगेत मफलर.
बाई धैवतावर उभ्या राहिल्या. वर बघितलं.
बराच वेळ बघितलं.
सायखेडकरांनी ठेका धरून ठेवला,
खाली कुणी शिडी धरून उभं राहावं तसा.
आणि बाई गेल्याच नाहीत.
नुसता हात वर केला, तळवा उघडा,
आणि हॉलमधल्या दोनशे माणसांना
षड्ज ऐकू आला.
एक मफलर ओरडला, वा!

कॅसेटवर तो नाही.
कॅसेटवर तंबोरे आहेत,
कुणाची तरी बांगडी,
आणि रस्त्यापलीकडे रसवंतीचे घुंगरू.

परवा नलूताई आल्या, काठी टेकत.
पगारे, बाईंची जन्मशताब्दी आहे, साफ करून द्या सगळं.
खोकला काढा. धाप काढा.
ते मध्येच पाणी मागणं, ते 'थांब गं' म्हणणं.
बाईंना असं कोणी ऐकू नये.
बरं, म्हटलं.
त्या मारव्यात मध्येच शांतता फार लांबलीये,
ती पण जरा कमी करा.
बरं, म्हटलं.

मुलाच्या कॉम्प्युटरवर आवाजाचे डोंगर दिसतात.
खोकला म्हणजे सरळ कडा.
चार रात्री कापत बसलो.
शांततेला हात लावला नाही.
त्यांना कळणार नाही. कळलं तरी बोलणार नाहीत,
त्याही होत्या ना तिथे, मागे, तंबोऱ्यावर.

कापलेलं मात्र टाकवेना.
एकाला एक जोडलं, सात मिनिटं भरली.
खोकला, धाप, खोकला,
तांब्यावरचं फुलपात्र,
गोळीच्या पाकिटाचा कागद,
'पेटी जरा दाबून',
परत खोकला.
सहज, नातीच्या पेटीवर सूर दाबून पाहिला.
शेवटच्या वर्षीचा खोकला,
काळी चार.

हे कुणाला सांगितलं नाही.

फाईलला नाव सुचत नाही.
राग नाही, तारीख एक नाही.
रात्री घरचे झोपले की लावतो.
सहाव्या मिनिटाला, दोन रागांच्या मध्ये कधीतरी,
तंबोरा मिळवता मिळवता बाई म्हणतात,
'तो टेपवाला जेवला का, बघा रे कोणीतरी.'
मग खरखर.
कोणी काय उत्तर दिलं ते नाही त्यात.
बाजू तिथेच संपली होती.