डावं, मागचं

परीक्षकानं स्क्रूड्रायव्हर नुसता टेकवला
आणि तो मुठीपर्यंत आत गेला,
शिळ्या केकमध्ये जावा तसा.
"नापास," म्हणाला. हळूच म्हणाला.

एकोणीसशे सदुसष्टची मॉरिस ट्रॅव्हलर.
हिचं लाकूड शोभेचं नाही,
मागचं अर्धं अंग त्याच्यावरच उभं.
काचेच्या खाचेत शेवाळ, एक अळंबंसुद्धा.
ग्लेनिस प्रॉसरनं त्यासकट विकली मला,
दोनशे पौंडांना,
मागच्या सीटवर इड्रिसचा कोट तसाच.

लडलोला नोव्हेंबरात चारलाच अंधारतं.
गॅरेजात हीटर पायाशी घेऊन मी रंधा मारतो.
लाकूड ॲशचं. इंग्रजीत
या झाडाला आणि राखेला एकच नाव.
रोग आलाय त्यांच्यावर, शेंड्याकडून वाळत येतात.
पलीकडच्या शेतातलं एक पाडलं,
त्याच्या फळ्या दोन वर्षं सावलीत वाळवल्या.
आता वेटोळी निघतात, पांढरी,
कानाशी नेली तर किंचित कुरकुरतात.

बा बाभळीत काम करायचा.
तुंबा, आरे, पाटे, वर लोखंडी धाव.
तू यात पडू नको, म्हणायचा.
नाही पडलो.
बत्तीस वर्षं लोकांचे एक्स-रे काढले,
आत काय मोडलंय ते
न उघडता बघायची नोकरी.

हे मात्र उघडावं लागलं.
कुजका खांब सोडवला, तर त्याच्या आतल्या अंगावर,
जिथं कुणी कधी बघणार नव्हतं,
शिसपेन्सिलीनं लिहिलेलं: डावं, मागचं.
इंग्रजीत, घाईत, कुण्या कारागिराच्या हातचं.
शेवटचं अक्षर कुसवात अर्धं कापलेलं.
मी चहा थंड होऊ दिला.

नवा खांब बसवण्याआधी मीही लिहिलं. मराठीत.
पन्नास वर्षांनी कुणी उघडेल
आणि वाचताच येणार नाही त्याला.
येऊ नये. खांब कुठला ते जागेवरून कळेलच.

मागची बैठक मी उलटी केली,
बैलगाडीच्या साट्यावर पाय सोडून बसतात तशी.
क्लबचा ट्रेव्हर आला, बघितलं, म्हणाला,
"हे मूळचं नाही."
मीही नाही, म्हणालो. तो हसला नाही.

रविवारी ग्लेनिसला बसवलं.
दोन्ही दारं उघडी, पाय बाहेर,
गाडी चालत्या माणसाच्या वेगानं.
कोट तिनं मांडीवर घेतला होता.
टेकडी, चर्च, तिचं स्वतःचं फाटक
हळूहळू लहान होत गेलं तिच्यासमोर.
वळणापर्यंत ती काही बोलली नाही.
मग बाजूला वाकून ओरडली,
"अरे, डावा दिवा लागत नाहीये तुझा!"