बटण

आधी वजन.
मान रात्रभर पेलेल तेवढंच,
हे मी शिकले लोटोमाऊच्या मानेला
सकाळी खोबरेल चोळताना.
पहिला दिवा तिथे गाठ होऊन बसला होता.

मग मोटारसायकलचं जुनं हेल्मेट अर्धं कापलं,
बॅटरी कपाळावरून उतरवली,
घट्ट झाकणाच्या डब्यात, होडीच्या तळाशी ठेवली.
वायर पाठीच्या कण्यावरून खाली.
नियुटाओला जहाज महिन्यातून एकदा येतं, आलं तर.
सिलिकॉनची नळी संपली
की नीरफणसाचा चीक भरायचा फटीत
आणि वाट बघायची.

मीठ वाट बघत नाही.
ते शिरतं, तांब्याच्या तारेवर हिरवं होऊन बसतं,
आणि ऐन माशांच्या गर्दीत
दिव्याला उचकी लागते.

आरसा बिस्किटाच्या डब्याच्या पत्र्याचा.
फार घासला, फार चकाकला,
तर हाहावे, आमचा उडता मासा,
थेट उजेडाच्या मुळावरच झेपावला.
लोटोमाऊ खाली वाकला,
मागे बसलेल्या पेनितुसीची भुवई फुटली.
व्रण अजून आहे. विचारणाऱ्याला तो सांगतो, शार्क.

म्हणून काच दोन बोटं खाली झुकवली.
उजेड पाण्यावर पडावा, चार हातांवर,
त्यात मासा थबकावा,
पंख पसरून, निळा,
कशाला उठलो होतो हे विसरून
दारात उभ्या राहिलेल्या माणसासारखा.
तेवढ्यात जाळीचा झेला.

एक चूक मात्र कळायला वर्ष गेलं.
ज्याच्या डोक्यावर दिवा, त्याला ती दिसतच नाही.
तो मागे वळून म्हणतो, "डावीकडे घे,"
आणि इंजिन धरून बसलेल्याचा
अख्खा समुद्र पुसला जातो.
खडकाची फेसाळ कड, शेजारची होडी, स्वतःचा हात,
सगळं पांढरं.
पेनितुसी कधी बोलला नाही.
बोलली फियाओला आत्या, मी घरात दिवा तपासत असताना:
"माझ्याशी बोलते आहेस, की झडती घेते आहेस माझी?"
मग डोळ्यांवर हात धरूनच म्हणाली,
आमच्या वेळी झावळ्यांची चूड असायची.
एक विझायची, दुसरी पेटायची.
मधल्या अंधारात पुरुष काय काय बोलायचे,
घरी आल्यावर कबूल करायचे नाहीत.

मी तर बटण रबराखाली लपवलं होतं,
चुकून हात लागू नये म्हणून.
खरं सांगायचं तर
किनाऱ्यावरून मी दिवे मोजते, म्हणून.
बारा होड्या, बारा दिवे.

त्या रात्री अकरा.
पुन्हा मोजले. अकरा.
चटईची कड कुरतडली मी, नखांनी,
चंद्र उगवेपर्यंत.

पहाटे आला, मासे होडीच्या काठापर्यंत,
खालचा ओठ कापलेला.
"बटण दातांनी उचकटावं लागलं."
बिघडला होता?
"नाही."
मग?
मासे उतरवत राहिला. मग म्हणाला,
"पेनितुसी आईबद्दल बोलत होता.
मागच्या जहाजाने नेलं ना तिला फुनाफुटीच्या दवाखान्यात.
तोंडावर उजेड असला की
त्याचा आवाज फुटत नाही."

मी भांडले. भांडायचं ते सगळं भांडले.
मग जुन्या चपलेच्या तळव्यातून
नाण्याएवढी चकती कापली,
कानशिलावर बसवली,
ओल्या मनगटाने दाबता येईल अशी.
एका दाबात बंद.
चालू करायलाही एकच, हे त्याला
तीनदा बजावून सांगितलं.

आता बारा होड्या गेल्यात.
मी मोजते आहे. अकरा.
मध्येच दहा.
हे कोण दुसरं, तुमच्यात?
पुन्हा पहिल्यापासून मोजते.